कोपऱ्यावर उभा ठोकळा: उघड्यावरची अमूर्त धातुशिल्पं कशी पाहावीत

न्यूयॉर्कमध्ये १४० ब्रॉडवे या पत्त्यावर एक काळी, उंच इमारत आहे. तिच्यासमोर एक लालभडक ठोकळा आपल्या एका कोपऱ्यावर उभा आहे. इसामू नोगुची या शिल्पकाराने तो १९६८ मध्ये केला. नाव ‘रेड क्यूब’, म्हणजे लाल घन. पण जरा थांबून पाहिलं तर लक्षात येतं की हा घन नाहीच. उभ्या दिशेने तो ताणलेला आहे. मधोमध आरपार भोक आहे आणि त्यातून मागची इमारत दिसते.

अशा शिल्पासमोर आलं की पहिला प्रश्न तोंडात येतो, ‘हे आहे तरी काय?’ घोडा नाही, माणूस नाही, पक्षी नाही. उत्तर सापडत नाही आणि आपण पुढे निघतो. पुतळे पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना हाच प्रश्न सुचणार, त्यात कुणाचा दोष नाही. पण लहान मुलं असल्या ठोकळ्यापाशी वेगळंच विचारतात: ‘हा पडत कसा नाही?’ आणि विचारून थांबत नाहीत, खाली वाकून बघतात, हात लावतात, ढकलूनही पाहतात. या कलेत शिरायची वाट तीच आहे, असं मला मनापासून वाटतं. या शिल्पांचा विषय त्यांच्या बाहेर कुठे नसतो. वजन, तोल, सांधा, ऊन, वारा आणि आपलं चालणं हाच तो विषय.

आधी ही शिल्पं अशी सरळ रेषांची, सपाट पृष्ठांची का, ते पाहू.

शतकानुशतकं धातूचं शिल्प म्हणजे ओतकाम. कलावंत माती किंवा मेण घडवायचा, त्यावरून साचा निघायचा आणि साच्यात वितळलेलं ब्राँझ ओतलं जायचं. म्हणजे आकार मातीचा, धातू नक्कल करणारा. बोटांचे दाब, मातीचा गुबगुबीतपणा ब्राँझमध्येही तसाच उतरायचा. पातळ पत्रा आपल्या घडीच्या जोरावर उभा राहतो, लांब सळई कुठल्याही टेकूविना हवेत पुढे झेपावते, हे धातूचे स्वतःचे गुण ओतकामात क्वचितच पुढे यायचे.

१९२८ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिकासोला सळया आणि पत्रे जोडून शिल्पं करायची होती, पण ते तंत्र त्याच्या हातात नव्हतं. ते होतं हुलिओ गोंझालेझकडे. तो धातुकाम करणाऱ्या घरात वाढला होता आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात रेनो मोटारींच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला होता. या दोघांच्या कामांची छायाचित्रं पुढे अमेरिकेत डेव्हिड स्मिथने एका मासिकात पाहिली. स्मिथने तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं. कारखान्यात जे हात शिकले, त्यातून कला होऊ शकते, हे त्याला त्या चित्रांनी दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात तो आगगाडीची इंजिनं आणि रणगाडे जोडणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता. वेल्डिंग आलं आणि शिल्प ओतायच्या ऐवजी जोडता येऊ लागलं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या शिल्पकलेत याहून मोठा बदल नाही.

आता जोडायचं काय? रोलिंग मिलमधून, म्हणजे पोलाद लाटणाऱ्या कारखान्यातून, बाहेर पडतात त्या सपाट प्लेटा, सरळ सळया, गोल पाइप, चौकोनी नळ्या. भूमिती तिथेच तयार असते. शिवाय पत्र्याचा एक स्वभाव आहे, तो कागदावरही पडताळता येतो. कागदाची घडी होते, गुंडाळून नळी होते, शंकूही होतो. पण सुरकुत्या न पाडता कागदाचा चेंडू करून दाखवा! पत्रा एका दिशेने सहज वाकतो; एकाच वेळी दोन दिशांनी वाकवायचा तर त्याला ठोकून, ताणून लांबवावं लागतं. ते होतं, पण कष्टाचं आणि खर्चाचं असतं. म्हणून घड्या, नळकांडी, शंकू आणि ठोकळे ही या कलेची रोजची अक्षरं झाली. त्यात कलावंताच्या विचाराचा वाटा मोठा आहेच. टोनी स्मिथ हा मुळात वास्तुरचनाकार. तो पुठ्ठ्याचे चार आणि आठ पृष्ठांचे छोटे तुकडे एकमेकांना चिकटवून शिल्पांचे नमुने करायचा. १९६२ मध्ये त्याने सहा फुटी पोलादी घन चक्क टेलिफोनवरून एका वेल्डिंग कारखान्याला सांगून करवून घेतला. शिल्पकाराचा हात न लागलेलं शिल्प कसलं, असं अनेकांना वाटतं. मला तो आक्षेप पटत नाही. घर बांधणारा वास्तुरचनाकार तरी कुठे विटा रचतो? सहा फूट हे माप त्याने ठरवलं होतं, आणि त्या एका निर्णयात काय दडलंय ते पुढे येईलच.

तोल आणि वारा

कुठलीही वस्तू उभी राहते ती एका साध्या नियमाने. तिच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला तर तो तिच्या तळाच्या आत पडायला हवा. कोपऱ्यावरच्या ठोकळ्याचा ओळंबा नेमका त्या टोकावर पडतो. कागदावर तो तोललेला असतो, प्रत्यक्षात वाऱ्याची झुळूकही त्याला आडवा करेल. म्हणून अशा शिल्पांची मुळं जमिनीखाली असतात: टोकाला जोडलेली जाड प्लेट, तिच्यातून खाली गेलेले लांब बोल्ट आणि सळयांच्या काँक्रीटचा पाया. वर दिसतो तो तोल, खाली दडलेली असते ती पकड. ही फसवणूक नव्हे. तोल जाण्याच्या क्षणी थांबलेली वस्तू पाहताना आपलं अंग नकळत सावरायला जातं, आणि शिल्पकाराला तेच हवं असतं.

बार्नेट न्यूमनच्या ‘ब्रोकन ऑबेलिस्क’मध्ये हा क्षण सर्वांत धारदार झालाय. खाली पिरॅमिड, त्याच्या टोकावर उलटा ठेवलेला, वरच्या बाजूने तुटलेला चौकोनी स्तंभ. दोन्ही टोकं जिथे भेटतात ती जागा म्हणजे जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर बाजूचा चौरस. वरच्या अख्ख्या स्तंभाचं वजन आणि त्याला बसणारा वाऱ्याचा रेटा एवढ्याशा जागेतून खाली उतरतो. त्याची ह्यूस्टनमधली प्रत पाण्याच्या उथळ तळ्यात उभी आहे. पायाच दिसत नाही म्हटल्यावर छातीत धस्स होणं आणखी वाढतं.

वजनापेक्षा वारा हा मोठा शत्रू, हे पटकन ध्यानात येत नाही. वजन रोज सारखंच असतं, वाऱ्याचा नेम नसतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेचोवीस किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट होऊन ताशी १४४ किलोमीटर झाला की तो रेटा चौपट, म्हणजे सुमारे ९८ किलो होतो. सपाट प्लेट वाऱ्याला आडवी उभी असेल तर याहूनही जास्त. दहा चौरस मीटरच्या प्लेटवर हा भार टनाच्या घरात जातो, आणि प्लेट जितकी उंचावर तितकी तरफ लांब, म्हणून पायाशी तो उपटून काढायचा जोर कितीतरी वाढतो. दंडगोल किंवा सडपातळ खांब असेल तर आणखी एक दुखणं. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सोडतो आणि खांब डोलू लागतो. त्या भोवऱ्यांची लय खांबाच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर मंद वाऱ्यातही सांधे थकून तडकतात. मोठं शिल्प उभं राहण्याआधी अभियंत्याचा कागद तयार होतो तो याचसाठी.

काही कलावंतांनी मात्र वाऱ्याशी झगडण्याऐवजी त्यालाच कामाला लावलं. जॉर्ज रिकीची स्टेनलेस स्टीलची लांब, निमुळती पाती वाऱ्यात हळूहळू झुलतात. पात्याच्या बुडाशी, टेकूच्या पलीकडे तो शिसं भरायचा. लांब हलकं टोक वर, आखूड जड टोक खाली. तोल इतका बारीक साधलेला की अंगाला जाणवणारही नाही अशा झुळुकीने पातं सरकू लागतं. गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली असला की झोका संथ होतो. तो जितका जवळ, तितका झोका लांबट. दोन पाती शेजारी झुलतात, एकमेकांना भिडतील असं वाटतं आणि भिडत नाहीत. मी यासमोर कितीही वेळ उभा राहू शकतो.

केनेथ स्नेलसनचा ‘नीडल टॉवर’ (१९६८, वॉशिंग्टन) तर खांब असूनही खांब नाही. १८ मीटर उंचीचा हा मनोरा ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि स्टेनलेस स्टीलच्या तारांचा आहे. त्यातली कुठलीही नळी दुसऱ्या नळीवर टेकलेली नाही. नळ्या दाब सोसतात, तारा ताण सोसतात, आणि ताणलेल्या तारांच्या जाळ्यात नळ्या जणू तरंगत राहतात. तंबूचा खांब आणि त्याला ओढून धरणाऱ्या दोऱ्या आठवा. इथे तसे कितीतरी खांब आहेत, फक्त जमिनीत रोवलेले खुंटे नाहीत. प्रत्येक दोरी दुसऱ्याच खांबाला बांधलेली. त्याच्या पोटाशी उभं राहून सरळ वर पाहिलं की साऱ्या नळ्या मिळून सहा टोकांच्या चांदण्या होतात, आत आत लहान होत जाणाऱ्या. बाजूने बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

गंजाचंच चिलखत

उघड्यावर धातू ठेवला की गंज आलाच. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाले की त्याचा गंज होतो. तो भुसभुशीत असतो, सुटून पडतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन प्लेटांच्या फटीत तो धरला तर जाड बोल्टसुद्धा ताणून सांधा उसवतो.

आता एक असं पोलाद पाहू, ज्याचा गंज त्यालाच सांभाळतो. ‘कॉर्टेन’ या नावाने ते १९३३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि आधी रेल्वेच्या मालडब्यांसाठी वापरलं गेलं. यात तांबं, क्रोमियम, निकेल यांसारखे घटक थोड्या प्रमाणात असतात. त्यामुळे पोलादालगतचा गंजाचा थर बारीक कणांचा, घट्ट आणि चिकटून बसणारा होतो. पाणी आणि हवा आत शिरणं अवघड होतं आणि पुढचं गंजणं अगदी मंदावतं. म्हणजे रंग द्यायची गरज नाही, गंज हाच रंग.

पण हे चिलखत आपोआप, कुठेही तयार होत नाही. त्याला भिजणं आणि सुकणं आळीपाळीने लागतं. पाऊस पडावा, मग ऊन यावं, असं पुन्हा पुन्हा. जिथे पाणी साचून राहतं, जिथे पालापाचोळा चिकटतो, जिथे प्लेटचं बूड ओल्या मातीत गाडलेलं असतं, तिथे थर घट्ट होत नाही आणि पोलाद साध्या लोखंडासारखं खचत जातं. समुद्राकाठची खारी हवाही त्याला मानवत नाही. म्हणून चांगल्या शिल्पात वरची कड किंचित उतरती असते, खाली पाणी निथळायला वाट असते, आणि भोवती बहुधा खडी पसरलेली असते. खडीचं कारण दिसायला साधं आहे. पहिल्या काही वर्षांत पावसाबरोबर तपकिरी ओघळ उतरतात आणि शेजारची दगडी फरशी कायमची डागाळते.

कारखान्यातलं काम तर याहून नाजूक. मिलमधून आलेल्या प्लेटवर काळपट खपली असते. ती वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने आधी पूर्ण काढली नाही तर गंज ठिपक्याठिपक्यांनी येतो. वेल्डिंगचा रॉडही त्याच जातीच्या पोलादाचा लागतो, नाहीतर साऱ्या अंगावर मखमली तपकिरी रंग आणि शिवणीपुरती वेगळीच रेघ. सुरुवातीला हे पोलाद नारिंगी दिसतं, मग तपकिरी, आणि बऱ्याच वर्षांनी जांभळट झाक असलेलं गडद. पावसात ओलं झालं की जवळजवळ काळं. एकच शिल्प सकाळी आणि पावसानंतर पाहा, दोन वेगळी शिल्पं वाटतील. कुणी त्यावर नाव खरडलं तर ती जागा घासून काढावी लागते आणि भोवतालच्या रंगाशी जुळायला तिला पुन्हा वर्षं लागतात. कृपा करून खरडू नका.

स्टेनलेस स्टीलची तऱ्हा उलटी. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागताच त्याचा डोळ्याला न दिसणारा थर बनतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. डेव्हिड स्मिथने १९६१ ते १९६५ या काळात ‘क्यूबी’ नावाची २८ शिल्पं या पोलादात केली: ठोकळे, चकत्या, नळकांडी एकावर एक रचलेली. त्याने ती आरशासारखी चकचकीत केली नाहीत, तशीच मंदही ठेवली नाहीत. ग्राइंडरने त्यांच्यावर गोल गोल, सैल रेघोट्या ओढल्या. प्रत्येक बारीक चर प्रकाश वेगळ्या दिशेला उडवतो, त्यामुळे आपण चालू लागलो की चमकही पृष्ठभागावरून चालू लागते. आरशात भोवतालचं चित्र दिसतं; इथे चित्र मिळत नाही, भोवतालचा रंग मात्र मुरतो. हिरवळीवर हिरवट, संध्याकाळी तांबूस, ढग आले की राखाडी. ही शिल्पं उघड्यावर ठेवायचीच होती. संग्रहालयाच्या दिव्याखाली ती मला अर्धीच वाटतात.

रंगवलेल्या शिल्पांबद्दल थोडक्यात. अलेक्झांडर कॉल्डर यंत्र-अभियांत्रिकी शिकलेला होता आणि ते लपवत नाही. त्याच्या मोठ्या शिल्पांत प्लेटांना आधार देणाऱ्या पट्ट्या आणि बोल्ट उघडे दिसतात. शिकागोतला त्याचा १६ मीटर उंच ‘फ्लेमिंगो’ (१९७४) काळ्या, काटकोनी इमारतींच्या मधोमध शेंदरी कमानींनी उभा आहे, आणि लोक त्याच्या पायांमधून ये-जा करतात. उन्हाने रंगातला बांधून ठेवणारा अंश मरतो, मग हात लावला तर बोटाला भुकटी लागते. म्हणून अशी शिल्पं काही वर्षांनी पुन्हा रंगवावीच लागतात, ठरलेल्या छटेत. त्याने शिल्प ‘नकली’ होत नाही.

दिसत नाहीत अशा आणखी काही गोष्टी. दहा मीटर लांबीचं साधं पोलाद ४० अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम ९. दोन्ही घट्ट जखडले तर कुठेतरी वाकणारच. दोन वेगळे धातू पावसाच्या पाण्यात एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. म्हणून मध्ये प्लास्टिकचं वॉशर. पोकळ शिल्पाच्या आत दव धरतं, त्यासाठी बुडाशी बारीक भोक. अशा शिल्पापाशी गेलात तर ते भोक शोधा. करणाऱ्याने किती पुढचा विचार केलाय, ते त्यावरून कळतं.

चालणारा माणूस

टोनी स्मिथच्या सहा फुटी घनाकडे परत येऊ. हे माप माणसाच्या उंचीचं आहे. थोडा मोठा केला असता तर ते स्मारक झालं असतं, थोडा लहान केला असता तर टेबलावरची वस्तू. सहा फुटांवर तो कुणाही माणसासारखा समोर उभा राहतो. बहुतेकांना त्याच्यावरून पलीकडचं दिसत नाही, म्हणून भोवती फिरावं लागतं. अँथनी कॅरोने १९६० नंतर आपली रंगीत पोलादी शिल्पं चौथऱ्यावरून उतरवून थेट जमिनीवर मांडली, त्यामागेही हेच. चौथरा म्हणजे ‘ही जागा वेगळी, तुमची जागा वेगळी’ अशी रेघ. ती पुसली की शिल्प आपल्याच वाटेत येतं.

आणि वाटेत आलं की भांडणही होतं. रिचर्ड सेराची ‘टिल्टेड आर्क’ १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी कचेरीसमोरच्या चौकात उभी राहिली: कॉर्टेनची ३६ मीटरपेक्षा लांब, साडेतीन मीटरपेक्षा उंच, किंचित कललेली भिंत. चौक दुभंगला. तिथे काम करणाऱ्यांनी तक्रारी केल्या, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, तिच्यात शिल्प राहावं म्हणणारेच जास्त बोलले, तरी ते हलवायचं ठरलं. सेराचं म्हणणं होतं की हे शिल्प याच जागेसाठी केलंय, हलवलं म्हणजे मोडलं. मार्च १९८९ मध्ये एका रात्री ते कापून नेलं. सेराचा मुद्दा मला खरा वाटतो: जागा हाच त्या शिल्पाचा अर्धा धातू होता. पण मग त्या जागेत रोज डबा खाणाऱ्या, रोज ती ओलांडणाऱ्या माणसांशी आधी बोलायला हवं होतं, कारण तीही त्या जागेचाच भाग होती.

याच सेराने २०१४ मध्ये कतारच्या वाळवंटात चार उंच पोलादी प्लेटा उभ्या केल्या, एक किलोमीटरहून लांब पट्ट्यात, एका ओळीत. तिथे अडवायला कुणी नाही. जमीन वरखाली आहे, म्हणून प्लेटांची उंची वेगवेगळी; माथे मात्र एका पातळीत. सपाट वाटणारं वाळवंट किती चढतं-उतरतं, ते या चार प्लेटांमुळे डोळ्यांना मोजता येतं. जणू कुणी अख्ख्या मैदानाला पाणसळ लावली. पण त्यासाठी ते अंतर चालावं लागतं.

या साऱ्यांच्या आधीचं एक शिल्प मी शेवटी राखून ठेवलंय. रोमानियातल्या तिर्गू जिऊ गावी कॉन्स्टान्टिन ब्रांकुशीने १९३८ मध्ये पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी एक स्तंभ उभारला. उंची सुमारे २९ मीटर. मधून पोलादी कणा आणि त्याच्यावर माळेत मणी ओवावेत तसे बिडाचे, दोन्हीकडे निमुळते मणी, एकावर एक. ‘हा पडत कसा नाही’ याचं उत्तर त्या कण्यात आहे, जमिनीखालच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या. आत पूर्ण मणी आहेत १५. पण सर्वांत खाली अर्धाच मणी आहे, आणि सर्वांत वरही अर्धाच. वरचा मणी जिथे सर्वांत रुंद होतो, नेमका तिथेच स्तंभ संपतो. स्तंभाचं नाव आहे ‘अनंत स्तंभ’. खालून वर पाहत गेलं की नजर त्या अर्ध्या मण्यापाशी येते, आणि उरलेला अर्धा आभाळात शोधू लागते.